पालेभाजी, पोटॅशियम आणि ऑप्शनला टाकलेलं युनिट

केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला मास ट्रान्स्फर नावाचा विषय असतो. त्यात शेवटी शेवटी लीचिंग नावाचं एक युनिट येतं. घन पदार्थात अडकून बसलेला, विरघळणारा भाग एखाद्या द्रवाच्या मदतीने बाहेर काढायचा, म्हणजे लीचिंग. सोयाबीनमधून हेक्झेन वापरून तेल काढतात ते लीचिंग, बीटच्या चकत्यांतून गरम पाण्याने साखर काढतात ते लीचिंग, आणि आपल्या टपरीवरचा चहा हेही लीचिंगच. आमच्या हॉस्टेलवर हे युनिट ऑप्शनला टाकायची जुनी परंपरा आहे. मीही टाकलं. पेपर निघाला, विषय सुटला. सुट्टीत घरी गेलो तर आमच्या स्वयंपाकघरात तेच युनिट कंपल्सरी होऊन बसलं होतं!

झालं असं. माझ्या बाबांना चौदा वर्षांपासून डायबेटिस आहे. मागच्या वर्षी तपासणीत क्रिएटिनिन २.८ निघालं, म्हणजे किडन्यांचं काम बरंच मंदावलंय हे कळलं. आमच्या तालुक्याच्या गावच्या डॉक्टरांकडे त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. त्यांनी घाईघाईत सांगितलं, मीठ कमी करा, मटण-अंडी कमी करा, पालेभाज्या नीट शिजवून खा. आईने हे वाक्य जसंच्या तसं पाळलं. रोज संध्याकाळी पातळ भाजी. पालक निवडायचा, कुकरला लावायचा, तीन शिट्ट्या काढायच्या, रवीने पाण्यासकट घोटायचा, बेसन लावायचं, हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे आणि वर लसणाची फोडणी. बाबा भाकरी कुस्करून दोन वाट्या भाजी खायचे. याहून नीट शिजवलेली भाजी कुठे मिळणार?

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. संध्याकाळी लॅबवाल्याचा स्वतःहून फोन आला, ताबडतोब डॉक्टरांना गाठा. पोटॅशियम ६.३! नॉर्मल असतं साधारण ३.५ ते ५. बाबा तेव्हा अंगणात खुर्ची टाकून निवांत बसले होते. पाय जरा जड वाटतात एवढीच तक्रार. तरी त्याच रात्री ईसीजी, मग ॲडमिट, कॅल्शियमचं इंजेक्शन, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. दोन रात्री ताई तिथे बसून होती. माझा दुसऱ्या दिवशी सबमिशनचा दिवस होता म्हणून मला कोणी सांगितलंच नाही. ते मला चार दिवसांनी कळलं आणि त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही.

आता पोटॅशियमचं एवढं काय, ते सांगतो. आपल्या शरीरातलं जवळजवळ सगळं, म्हणजे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर रक्तात अगदी थोडं. ई अँड टीसीवाल्यांनी पेशीचा पडदा म्हणजे एक चार्ज केलेला कपॅसिटर समजावा. आतलं आणि बाहेरचं पोटॅशियम यांच्या प्रमाणावर त्याचं व्होल्टेज ठरतं आणि त्या व्होल्टेजवर मज्जातंतू, स्नायू आणि मुख्य म्हणजे हृदय चालतं. रक्तातलं पोटॅशियम थोडं वाढलं तरी हे प्रमाण बिघडतं. हृदयाचे ठोके चुकू लागतात आणि वाईट म्हणजे आधी फारशी सूचना मिळेलच असं नाही. एरवी आपण काहीही खाल्लं तरी ही काळजी किडन्या घेतात. त्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर सोडतात. खाल्लेल्या पोटॅशियमपैकी साधारण ९० टक्के याच वाटेने बाहेर पडतं. वाट अरुंद झाली की साठा वाढतो. इनपुट वजा आउटपुट बरोबर ॲक्युम्युलेशन. हे तर आपण दुसऱ्या वर्षालाच शिकलो.

नंतर पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी आईला सगळा दिनक्रम विचारला आणि मग एकच प्रश्न केला, "भाजी शिजवलेलं पाणी कुठे जातं?"

आई म्हणाली, "कुठे जाणार? भाजीतच!"

सगळी गंमत, खरं तर सगळा घोटाळा, या उत्तरात आहे. पोटॅशियम हे मूलद्रव्य आहे. ते कुकरच्या शिट्टीबरोबर उडून जात नाही, जळत नाही, मोडत नाही. शिजवल्याने जीवनसत्त्वं नष्ट होतात हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं, त्यामुळे पोटॅशियमही तसंच जात असेल असं आपण धरून चालतो. शिजवल्यावर ते फक्त पानातून पाण्यात येतं. ते पाणी आपण भाजीत ठेवून प्यायलो, तर मास बॅलन्स बदलत नाही. वर डाळ आणि शेंगदाण्याचं पोटॅशियम जमेला! म्हणजे "शिजवून खा" या वाक्यातला "पाणी फेकून द्या" हा निम्मा भाग गळला होता. आईचं काही चुकलं नव्हतं. तिला सांगितलं तेवढं तिने केलं.

घरी आल्यावर मी ऑप्शनचं पुस्तक उघडलं. गणित करून बघायला हरकत नव्हती. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या पालकात ५५८ मिलिग्रॅम पोटॅशियम दिलेलं आहे. निवडून २५० ग्रॅम पालक घेतला तर झालं साधारण १४०० मिलिग्रॅम. या पालकात स्वतःचं पाणीच सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास असतं. तो १ लिटर पाण्यात भरपूर उकडला, आतलं-बाहेरचं सगळं एकसारखं झालं आणि पिळल्यावर भाजीत १५० मिलिलिटर पाणी राहिलं असं धरा. कागदावर भाजीत १७० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम उरतं. आता तेच १ लिटर पाणी दोन भागांत वापरा. अर्ध्या लिटरमध्ये उकडा, पिळा, पुन्हा ताज्या अर्ध्या लिटरमध्ये उकडा, पिळा. आता उरतात ६७! पाणी तेवढंच, गॅस थोडा जास्त. याला मल्टिस्टेज म्हणतात आणि हाच प्रश्न मी दहा मार्कांसाठी सोडून आलो होतो.

हे आदर्श गणित झालं. प्रत्यक्षात समतोल येईपर्यंत कोणी उकडत बसत नाही, पानं गोळा होतात, मधल्या पानांपर्यंत पाणी नीट पोचत नाही, त्यामुळे उरतं याहून जास्त. पण दिशा कळते. पाणी भरपूर हवं, पानं बारीक चिरलेली हवीत म्हणजे पृष्ठभाग वाढतो आणि अंतर कमी होतं, ढवळायला हवं आणि उष्णता हवीच. नुसत्या गार पाण्यात पालक बुडवून ठेवला तर फारसं काही निघत नाही, कारण पेशीचा पडदा शाबूत असतो आणि तो पोटॅशियमला सहज सोडत नाही. उकळत्या पाण्यात पडदा फाटला की दार उघडलं. वाफवणं, मायक्रोवेव्ह करणं, तेलावर परतणं यांत पाणी फेकलंच जात नाही, त्यामुळे पोटॅशियम जागच्या जागी.

माझा स्वभाव गणितावर विश्वास ठेवण्याचा नाही (निकालपत्र साक्ष आहे). कॉलेज सुरू झाल्यावर केमिस्ट्री लॅबमधल्या फ्लेम फोटोमीटरची आठवण झाली. पाण्यातलं सोडियम-पोटॅशियम मोजायला आपण पहिल्या वर्षाला ते वापरतो. लॅबमधल्या मामांना घरची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "पालक घेऊन ये, पण जर्नलला काय लिहिणार ते तूच बघ." मेसच्या गॅसवर पालक दोनदा उकडला आणि दोन्ही पाणी गाळून बाटल्यांत भरून नेलं. पहिलं पाणी लावलं तर काटा स्केलच्या बाहेर! बरंच पातळ केलं तेव्हा कुठे रीडिंग मिळालं. दुसऱ्या पाण्याला त्या मानाने अगदी थोडं पातळ करावं लागलं. एवढ्यावर पेपर छापून येणार नाही, पण पोटॅशियम खरंच पाण्यात उतरतं हे डोळ्यांनी बघितलं.

आणि याच प्रयोगात दुसरी गोष्ट सापडली, ती पालकापेक्षा मोठी निघाली. स्टँडर्ड सोल्यूशन करायला मामांनी कपाटातून एक पांढरी पावडर काढून दिली. लेबल वाचलं, पोटॅशियम क्लोराइड. कुठेतरी वाचलं होतं की कमी सोडियमचं मीठ म्हणून बाजारात जे मिळतं, त्यात काही भाग सोडियम क्लोराइडच्या जागी हेच असतं. तिथूनच घरी फोन लावला.

"आई, मिठाची पिशवी आण आणि मागे काय लिहिलंय ते वाच."

"अरे, बाबांना बीपी आहे म्हणून मुद्दाम ते महागातलं आणते."

"वाच ना गं."

तिने अडखळत वाचलं. पोटॅशियम क्लोराइड. मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

ज्यांच्या किडन्या चांगल्या आहेत त्यांना बीपीसाठी हे मीठ उपयोगी पडतं, त्याला दोष नाही. पण किडनीच्या पेशंटला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. शिवाय बाबांना बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू होतं. या जातीच्या गोळ्या किडनीला जपतात, म्हणूनच देतात, पण पोटॅशियम थोडं चढवतात. म्हणजे ६.३ चं खापर एकट्या पालकाच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. गोळी, मीठ, पातळ भाजी, डाळ-दाणे आणि मुळात दमलेली किडनी, सगळ्यांनी मिळून केलं. यात घरी बदलता येण्याजोगं दोनच, मीठ आणि भाजी. (गोळी आपल्या मनाने बंद करू नका! ते डॉक्टर बघतील. आमच्या बाबांची त्यांनी फक्त मात्रा बदलली.)

आता परत भाजीकडे. उकडून पिळली की प्रश्न सुटला, असं मला वाटलं होतं. तिथेही एक मेख आहे. पालक शिजला की किती बसतो हे ज्याने एकदा तरी केला त्याला माहीत आहे. त्याच अमेरिकन तक्त्यात कपभर कच्च्या पानांचं वजन ३० ग्रॅम आणि पोटॅशियम १६७ मिलिग्रॅम आहे. कपभर उकडून निथळलेल्या पालकाचं वजन मात्र १८० ग्रॅम आणि पोटॅशियम ८३९! म्हणजे उकडलेल्या कपात पाचपट. पाणी काढून टाकूनही पाचपट, कारण त्या कपात पानं किती कोंबली गेली ते बघा. १०० ग्रॅमच्या हिशेबानेही तेच. पालक कच्चा ५५८, उकडलेला ४६६, म्हणजे फार फरक दिसत नाही. माठाच्या जातभाईंचा पाला कच्चा ६११ आणि उकडलेला ६४१, म्हणजे उलट वाढलेलाच! घाबरू नका. कच्चे १०० ग्रॅम आणि शिजलेले १०० ग्रॅम ही एकच पानं नव्हेत. "बेसिस काय धरलाय?" असं स्टॉइकिओमेट्रीचे सर का ओरडतात ते मला या तक्त्याने शिकवलं. म्हणून आमच्याकडे आता भाजी शिजल्यावर वाटीने मोजतात, बाजारातल्या जुडीने नाही. बाबांना मॅडमनी दिवसाचं २००० मिलिग्रॅम पोटॅशियम ठरवून दिलंय आणि त्यात पिळलेली पालेभाजी अर्धी वाटी, एक दिवसाआड.

भाजी-भाजीत फरकही मोठा. कोबी कच्चा १०० ग्रॅमला १७० मिलिग्रॅमच्या घरात, त्यामुळे तो बिचारा आमच्याकडे वारंवार हजेरी लावतो. मोहरीचा पाला ३८४. अळूची पानं ६४८, शेपू ७३८, बीटचा पाला ७६२. हे आकडे तिकडच्या तक्त्यातले आहेत. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नाचे तक्ते काढलेत. जात, माती, खत यांप्रमाणे आकडा हलतोच, त्यामुळे तो अंदाज समजावा. कोथिंबीर वर भुरभुरवली तर तिचा हिशेब कोणी करत नाही, पण वाटीभर हिरवी चटणी म्हणजे कच्ची पालेभाजीच. ज्यांच्या घरी कोणी रक्त पातळ करायची वॉर्फरिन घेत असेल त्यांना पालेभाजीचा आणखी एक हिशेब असतो, व्हिटॅमिन के चा. पोटॅशियमची खूणही के आणि हेही के, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिथे भाजी अचानक वाढवायची नाही आणि अचानक बंदही करायची नाही.

हॉस्टेलकरांनो, तुम्ही म्हणाल आमच्या किडन्या ठणठणीत आहेत, आम्हाला काय? आपल्या मजल्यावर मे महिन्यात मुतखड्याने कळवळलेले दोघं मला माहीत आहेत. पालक, माठ, चवळी यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि मुतखड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा सगळ्यात जास्त आढळतो. इथेही पाणी फेकण्याचा उपयोग होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भाज्या उकडल्यावर विरघळणारं ऑक्झलेट ३० ते ८७ टक्के कमी झालं, नुसतं वाफवल्यावर ५ ते ५३ टक्के. आणि आपली ताकातली भाजी! पालकात ताक घालण्याची अक्कल ज्या कोणा आजीला सुचली तिला मानलं पाहिजे. ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि ते न विरघळता तसंच बाहेर जातं, मूत्रापर्यंत पोचतच नाही. मुतखडा झाला म्हणून दूध-दही तोडणारे नेमकं उलटं करतात. (बाबांसारख्यांना मात्र ताकही मोजून, कारण फॉस्फरस.) उलट टोक म्हणजे सकाळी ग्लासभर कच्च्या पालकाचा रस पिणारे. अशा हिरव्या रसांच्या अतिरेकाने किडनीत ऑक्झलेट साठून ती निकामी झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आमच्या जिममधल्या मित्रांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मेसचा पालक एवढा हिरवागार कसा, याचंही उत्तर जाता जाता देतो. खायचा सोडा. आम्लात क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम सुटतं आणि भाजी शेवाळी-तपकिरी होते. सोड्याने ते टळतं. पण सोडा म्हणजे सोडियम, आणि क जीवनसत्त्वाचाही तो शत्रू. घरी पेशंट असेल तर भाजी मळकट दिसलेलीच बरी.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण नातेवाईक मंडळींनी आमच्याकडे उच्छाद मांडला होता. "किडनी म्हटलं की हिरवं बंद!" असं एका काकांनी दम देऊनच सांगितलं. तसं नाही. पोटॅशियम नॉर्मल असलेल्या पेशंटला सरसकट पालेभाजी तोडायची गरज नसते. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर प्राणिज पदार्थांपेक्षा वनस्पतीजन्य आहार जास्त आणि कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न कमी, असंच सांगितलंय. पालेभाजीने रक्तातलं आम्ल कमी व्हायला मदत होते, चोथा मिळतो, पोट साफ राहतं. बद्धकोष्ठ नसलं की थोडं पोटॅशियम त्या वाटेनेही जातं. किती खायचं हे रिपोर्ट ठरवतो, काका नाही. बाबांनी त्या धाकाने महिनाभर पालेभाजीला हात लावला नव्हता. पोळी आणि दुधी, दुधी आणि पोळी. जेवणातून उठताना ताटात निम्मं तसंच. वजन तीन किलो उतरलं. मला वाटतं ६.३ पेक्षा आईला त्या ताटाची जास्त भीती वाटली.

तर आमच्या घरची सध्याची पद्धत अशी. पालक किंवा मेथी आधी स्वच्छ धुऊन मग बारीक चिरायची. मोठ्या पातेल्यात भाजीच्या पाच-सहापट पाणी उकळायचं, मीठ नाही. उकळी फुटल्यावर भाजी घालून, झाकण न ठेवता, पाच-सात मिनिटं ढवळत उकडायची. चाळणीत ओतायची. दुसऱ्या ताज्या उकळत्या पाण्यात आणखी तीन-चार मिनिटं. पुन्हा ओतायची आणि गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळायची. मग चमचाभर तेलावर मोहरी, भरपूर लसूण, हिंग, हिरवी मिरची, वरून लिंबू. साधं मीठ चिमूटभर. डाळ-दाणे नाहीत. यात क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर जातात हे खरं. ते डॉक्टर गोळीतून बघतात. चव? पहिल्या घासाला बाबा म्हणाले, "पालक कुठाय यात?" चौथ्या-पाचव्या वेळेपासून लसणाची बाजू घेऊन खायला लागले.

पहिल्या आठवड्यात एक प्रकार झाला. आई भाजीचं पाणी इमानदारीने बाजूला काढत होती. मी घरी होतो, सहज विचारलं, हे हिरवं पाणी कुठे गेलं? तर त्यात तिने कणीक भिजवली होती! "सगळं सत्त्व यातच उतरलंय म्हणालास ना तू? मग मोरीत कशाला ओतायचं?" तिच्या पिढीने आयुष्यात काही फेकलेलं नाही. भाताची पेजसुद्धा नाही. मी वहीवर मोठा चौकोन काढला, त्यात बाण आत, बाण बाहेर, आणि पोळीच्या नावाने परत आत येणारा एक बाण. रीसायकल स्ट्रीम. तिने चौकोनाकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे फिरून त्यांच्याच पोटात."

दिवाळीत बाबांचं पोटॅशियम ४.८ होतं. क्रिएटिनिन आहे तिथेच आहे, ते खाली येईल असं कोणी म्हणालेलंही नाही. रक्त दर महिन्याला तपासतात. भाजीचं पाणी गार करून आई आता परसातल्या कढीपत्त्याला घालते. एवढ्यात त्याला इतकी पानं फुटलीत की शेजारच्या काकू रोज मागायला येतात.